ज्यांचा अर्ज आलाच नाही

चौतीस वर्षं ग्रामसेविका म्हणून नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत राजकारणावर एकदाही जाहीर मत दिलं नाही. वर्तणूक नियमांत ते बसत नव्हतं. निवडणुकीच्या कामावर असायचे, मत टपालाने द्यायचे आणि कुणाला दिलं ते घरातही सांगायचे नाही. २०२३ मध्ये निवृत्त झाले. आता मोकळी आहे, तर इतकी वर्षं मनात साठलेलं लिहिते. ते कुठल्या एका पक्षाबद्दल नाही. लोक कशाला हसतात आणि त्या हसण्याने नक्की कोण दुखावतं, याबद्दल आहे.

"भावना दुखावल्या" हे शब्द माझ्या टेबलावर पहिल्यांदा आले ते एका कोनशिलेवरून. समाजमंदिराचं उद्घाटन होतं. कोनशिलेवर आधी मंत्री, मग खासदार, आमदार, जिल्हा परिषद सदस्य, सभापती, सरपंच, उपसरपंच अशी उतरंड असते. एका नावाचा आकार दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच लहान आला. आदल्या रात्री दहा वाजता कार्यालय उघडायला लावलं मला. तीस-चाळीस माणसं दारात. "आमच्या भावना दुखावल्यात, मॅडम." रातोरात तालुक्याला जाऊन दुसरी संगमरवरी पाटी कोरून आणली. पहिली पाटी अक्षरं खाली करून कार्यालयामागच्या नळाशी टाकली, आणि पुढे कित्येक वर्षं शिपाईमावशी त्यावर घागर घासायच्या. समाजमंदिराचं छत पहिल्याच पावसात गळलं. गळक्या छताबद्दल मात्र कुणाच्या भावना दुखावल्याचं माझ्या आवक रजिस्टरात कुठेही नोंदलेलं नाही.

म्हणूनच असेल, उमेश कुलकर्णींचा 'वळू' २००८ मध्ये आला तेव्हा मी तो थिएटरात बसून पाहताना हसता हसता रडले. देवाच्या नावाने सोडलेला बैल. त्याला कुणी हात लावू शकत नाही, आणि गावात काहीही बिघडलं की बोट त्याच्याकडेच. वनखात्याचा अधिकारी त्याला पकडायला येतो, सोबत त्याचा भाऊ कॅमेरा घेऊन येतो, आणि गावातला एकेक माणूस त्या कॅमेऱ्यासमोर उभा राहून बैलाबद्दल सांगू लागतो. ते सगळे प्रसंग माझे सर्वांत लाडके. बोलणारा सांगतो बैलाबद्दल, पण कळतो तो स्वतः. त्याचा सरपंचावरचा राग, त्याचं जमिनीचं भांडण, त्याची कुणी न ऐकलेली बढाई. इतिवृत्त लिहिताना मी हेच ऐकत आले होते. विषय क्रमांक चार, गटार दुरुस्ती. आणि बोलणाऱ्याच्या मनात मात्र वीस वर्षांपूर्वीचा बांध.

त्या चित्रपटात कुणाही गरिबाला हसलेलं नाही. गावातल्या माणसांना हसलंय, पण त्यांच्या शेजारी बसून हसलंय. हा फरक मला तेव्हा शब्दांत सांगता आला नसता. तो कळला तो पुढे २०१४ मध्ये, एका गणेशोत्सवात.

तेव्हा माझ्याकडे जे गाव होतं तिथल्या मंडळाची पोरं दरवर्षी एक अर्ध्या तासाचं नाटुकलं करायची. लिहून देणारं कुणी नव्हतं, म्हणून माझ्याकडे आली. मी लिहिलं. विषय अर्थात कोनशिला. सगळे पुढारी कोनशिलेवरच्या नावावरून भांडतायत, आणि गणपतीच्या पायाशी बसलेला उंदीर एकदम उठून बोलतो, "ओझं मी वाहतो. माझं नाव कुठं हाय?" उंदराचं काम करणारा पोरगा बारीक अंगाचा, आवाज खणखणीत. ते वाक्य आलं आणि मंडप नुसता दणाणला. ग्रामसभेला शंभर माणसांची गणपूर्ती होईना म्हणून मी कितीतरी सभा तहकूब केल्या आहेत. त्या रात्री मंडपात पाचशेच्या वर माणसं होती, आणि आपल्या गावात पैसा कुठे जातो ते सगळी एकत्र ऐकत होती. मला त्या रात्री फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस ठाण्यात अर्ज गेला. गणपतीच्या मंडपात देवाच्या वाहनाला पुढाऱ्यांच्या भांडणात ओढून धार्मिक भावना दुखावल्या, कलम २९५ अ. खाली अकरा सह्या. प्रत माझ्याकडेही आली. त्या अकरा जणांना मी घरपट्टीच्या रजिस्टरातून ओळखत होते. एक त्या रात्री पुण्याला होता, एक बायकोच्या बाळंतपणासाठी तालुक्याच्या दवाखान्यात, आणि एकाची सही त्याच्या पुतण्याने ठोकली होती, कारण त्या माणसाला मी नेहमी अंगठा लावतानाच पाहिलं होतं. नाटुकलं न पाहता त्यांच्या भावना दुखावल्या होत्या. उरलेले आठजण कुणाच्या गटातले, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. देवाचा विषयच नव्हता. एका माणसाला आपली चेष्टा झाल्याचं कळलं होतं. "माझी चेष्टा केली" असा अर्ज देता येत नाही, म्हणून देवाला पुढे केलं.

ते कलम मी त्या आठवड्यात नीट वाचून काढलं. १९२७ मध्ये इंग्रजांनी दंडसंहितेत घातलेलं, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की अपमान हेतुपुरस्सर आणि दुष्टबुद्धीने केलेला असला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ते कलम वैध ठरवतानाही हाच मुद्दा धरला होता, की नकळत किंवा निष्काळजीपणे बोललेलं त्यात येत नाही. आता नव्या भारतीय न्याय संहितेत तेच २९९ क्रमांकाने आहे. अर्ज देणाऱ्यांना यातलं काही माहीत असायची गरज नसते. त्यांना गुन्हा सिद्ध करायचा नसतो. वीस वर्षांच्या पोरांना ठाण्यातल्या बाकावर चार तास बसवायचं असतं, तेवढं झालं की काम झालं. पोरं बसली. माफीनामा लिहून दिला. पुढच्या वर्षी मंडळाने ऑर्केस्ट्रा आणला.

ही झाली अर्ज आलेली गोष्ट. अर्ज न आलेली त्याच रात्रीची आहे आणि ती सांगायला मला जास्त जड जातं.

नाटुकल्यात गावच्या पाणी सोडणाऱ्याचं एक पात्र होतं. मी ते चार ओळींचं लिहिलं होतं. करणाऱ्या पोराने तालमीत त्याला लंगडं केलं, कारण आमचा पाणी सोडणारा लहानपणच्या पोलिओमुळे एका पायाने अधू होता. खांद्यावर व्हॉल्व्हची लांब चावी टाकून, एक पाय ओढत तो पोरगा रंगमंचावर आला, आणि उंदराच्या वाक्याला झालं नव्हतं एवढं मोठं हसू झालं. मीही हसले. तालमीतही हसले होते. मला थांबवता आलं असतं.

सकाळी सव्वादहाला त्याची बायको कार्यालयात आली. हातात पाणीपट्टीची जुनी पावती होती, उगीच काहीतरी कारण असावं म्हणून आणलेली. बराच वेळ दारातच उभी. मी म्हटलं, आत या. तिने पदर तोंडाशी धरला आणि म्हणाली, "मॅडम, पोरगी रातभर रडलीया. साळंत जायाची न्हाय म्हणतीया. पोरं चालून दाखवत्यात तिला." त्यांची मुलगी सातवीत होती. ती मंडपात पुढे बसली होती.

इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "अर्ज देताय का?"

ती म्हणाली, "अर्ज कशाला? पोरं आपलीच हायती. तुमास्नी सांगावं वाटलं."

आणि त्या सकाळीही पाणी वेळेवर सुटलं होतं. साडेसहाला, रोजच्यासारखं.

मी त्या पोराला बोलावून घेतलं. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही, मी फक्त मुलगी शाळेत जात नाहीये एवढं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. संध्याकाळी तो त्यांच्या घरी जाऊन आला. तिथे काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मीही गेले दुसऱ्या दिवशी. मुलगी माझ्याकडे बघायला तयार नव्हती, आणि तिचा तो हक्क होता. तिसऱ्या दिवशी ती शाळेत गेली.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. खरं दुखलेलं माणूस बहुतेक वेळा अर्ज देत नाही. ते दारात येऊन उभं राहतं, किंवा तेही करत नाही, नुसतं यायचं बंद होतं. आणि जे जमाव घेऊन येतात, ज्यांच्या मागण्या आधीच छापून तयार असतात, त्यांच्यातल्या फार थोड्यांना काही दुखलेलं असतं. पहिल्या प्रकारच्या दुखण्याला कायदा उपयोगाचा नाही. तिथे समोरासमोर जाऊन उभं राहावं लागतं. दुसऱ्या प्रकाराला कायदा फारच उपयोगाचा पडतो, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

विनोदी चित्रपट मी त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागले. कित्येक मराठी-हिंदी विनोदी चित्रपटांत तोतरं बोलणारं, जाडं, काळं, चकणं असं एखादं पात्र असतं आणि त्याच्या तोंडी दुसरं वाक्यच नसतं, त्याचं शरीर हाच विनोद. पूर्वी मी हसायचे. आता येत नाही हसू. त्यांच्यावर बंदी घाला असं मी कधीही म्हणणार नाही. मी चॅनल बदलते, आणि घरात नातवंडं असतील तर का बदललं ते सांगते. 'अशी ही बनवाबनवी' मात्र अजून लागला की बसते. १९८८ चा चित्रपट, "धनंजय माने इथेच राहतात का?" हे आमच्या घरात दार वाजवायच्या ऐवजी म्हणतात. त्या सगळ्या सोंगांच्या मुळाशी एकच साधी अडचण आहे, पुण्यात बिनलग्नाच्या पोरांना कुणी खोली देत नाही. ज्याने भाड्याची खोली शोधली आहे त्याला ते हसू आतून येतं.

पण माझा सगळ्यांत आवडता प्रसंग विचाराल तर तो हिंदीतला आहे. कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारों', १९८३. शेवटचा महाभारताचा प्रयोग. मुंबईच्या महापालिका आयुक्ताचा मृतदेह दोन गरीब फोटोग्राफरांच्या ताब्यात आहे, तोच त्यांच्याकडचा खुनाचा पुरावा, आणि तो लपवता लपवता थेट नाटकाच्या रंगमंचावर द्रौपदी होऊन उभा राहतो. मागोमाग बिल्डर येतात, पोलीस येतो, संपादिका येते. ती संपादिका म्हणजे आपल्या भक्ती बर्वे. ज्याच्या हाती जो पोशाख लागला तो चढवून सगळे रंगमंचावर. पिऊन तर्र झालेला बिल्डर आहुजा भीम होतो आणि द्रौपदीवर आपलाही हिस्सा सांगतो. दुर्योधन ऐनवेळी वस्त्रहरणाचा बेतच रद्द करून टाकतो. मधेच अकबर येतो. आणि आंधळा धृतराष्ट्र थोड्या थोड्या वेळाने एकच विचारत राहतो, हे चाललंय काय?

मी तो प्रसंग पंचवीस-तीस वेळा तरी पाहिला असेल. आज कुणी म्हणेल, महाभारताची टिंगल आहे. मी मनापासून सांगते, नाही. ज्याला महाभारत येतं त्यालाच तो प्रसंग पूर्ण हसवतो. भीमाला काय शोभतं, दुर्योधनाने पुढे काय करायचं असतं, हे ज्याच्या रक्तात आहे त्यालाच रंगमंचावर चढलेली ही टोळी किती परकी आहे ते दिसतं. त्यांना कथाच माहीत नाही. त्यांना फक्त मृतदेह हवाय, कारण त्यात त्यांचे व्यवहार गुंतलेत. समोरचे प्रेक्षक टाळ्या वाजवतायत, त्यांना वाटतंय नाटकच चाललंय. यापेक्षा आपल्या राजकारणाबद्दल खरं मी तरी कुठे पाहिलं नाही. शिवाय हसणं संपल्यावर तो चित्रपट सोडून देत नाही. बिल्डरने बांधलेला पूल पडल्याचं खापर त्या दोन गरीब पोरांवरच फुटतं, आणि शेवटी ती कैद्यांच्या कपड्यात रस्त्यावर चालत येतात. तिथे माझ्या पोटात दरवेळी खड्डा पडतो.

आपल्याला हे काही नवीन नाही. तमाशात आधी गण, गणपतीला वंदन. मग गवळण, आणि त्या गवळणीत मावशी खुद्द कृष्णाची फिरकी घेते. त्यानंतर वग, त्यात सोंगाड्या राजाचं, प्रधानाचं, कोतवालाचं काही शिल्लक ठेवत नाही. माझे वडील सांगायचे, जत्रेत पाटील पुढे लोडाला टेकून बसलेला असायचा, सोंगाड्या त्याच्याकडे बोट करून बोलायचा, आणि पाटील हसून पैसे द्यायचा. त्या पाटलाला राग येत नसेल असं नाही. पण सगळ्या गावासमोर चिडणं त्याला कमीपणाचं वाटायचं. आता चिडणं हीच मोठेपणाची खूण झाली आहे. ज्याचे कार्यकर्ते जास्त लवकर चिडतात तो मोठा नेता.

आणि यात कुठलाच पक्ष सोवळा नाही, म्हणून मी कुणा एकाचं नाव घेऊन बोलत नाही. 'घाशीराम कोतवाल' हे नाटक १९७२ मध्ये पुण्यात आलं आणि थोड्याच प्रयोगांनंतर थांबवावं लागलं. ते पुन्हा उभं राहिलं, कारण काही तरुणांनी थिएटर अकॅडमी काढली. त्यातला नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे पुढे 'वळू'त सरपंच झाले, आणि मला ती एकच रेघ वाटते. २०१२ मध्ये एका व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली धरलं. त्याच वर्षी पालघरच्या दोन मुलींना बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं आणि ते पसंत केलं म्हणून अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६ अ कलमाचा त्यात वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. २०२२ मध्ये एका अभिनेत्रीने एका ज्येष्ठ नेत्याबद्दलची दुसऱ्याची कविता समाजमाध्यमावर टाकली, ती महिन्याहून जास्त कोठडीत राहिली. ती कविता मला किळसवाणी वाटली होती, आजारी माणसाच्या शरीरावर कसली कविता करायची. तरी तिला एक दिवसही आत ठेवायला नको होतं. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारला एका विनोदी कार्यक्रमाच्या जागेची मोडतोड झाली, एका गाण्यावरून. एवढ्या वर्षांत सरकारं किती बदलली ते मोजा.

हे सगळं कुठल्या राज्यात चाललंय? जिथे १९६० मध्ये 'मार्मिक' हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक निघालं आणि त्यातून एक अख्खा पक्ष उभा राहिला. जिथे आचार्य अत्र्यांच्या सभेला लोक मैलोन्‌मैल चालत जायचे, ते विरोधकाची रेवडी कशी उडवतात ते ऐकायला. जिथे २०१९ च्या प्रचारात "लाव रे तो व्हिडिओ" हे लहान पोरांच्या तोंडी होतं. नेते आजही सभेत एकमेकांच्या नकला करतात, चालण्याच्या, बोलण्याच्या, आणि मैदान हसतं. मग गल्लीतल्या पोराने तेच केलं की त्याला ठाण्यात कशासाठी बसवायचं?

माझी रेघ कुठे आहे तेही सांगते, म्हणजे गैरसमज नको. एखाद्या जातीला, धर्माला, वस्तीला मारा, हाकला, असं कुणी म्हणत असेल तर तो विनोद नाही, तिथे पोलिसांनी आलंच पाहिजे, आणि लवकर आलं पाहिजे. मी जातीय तणावात रात्र काढली आहे एका गावात, कार्यालयाची कडी आतून लावून. ती भीती मला माहीत आहे. पण नेत्याच्या आवाजाची नक्कल, त्याच्या आश्वासनांची चेष्टा, त्याच्या कोनशिलेवरचा विनोद, इथे पोलिसांचं काही काम नाही. ज्याने लोकांकडून मतं घेतली त्याने लोकांचं हसूही घेतलं पाहिजे.

यंदा त्या मंडळाची पोरं, म्हणजे आता बापे झालेत ते, पुन्हा माझ्याकडे आली. दहा वर्षांहून जास्त काळ ऑर्केस्ट्रा आणून कंटाळलेत. नवीन नाटुकलं हवंय. मी वही काढली आहे. पाणी सोडणाऱ्याचं पात्र या वेळीही आहे, पण ते मी लिहून झाल्यावर आधी त्याच्या घरी नेऊन वाचून दाखवणार आहे, त्याच्या बायकोला आणि मुलगी माहेरी आली असेल तर तिलाही. त्यांनी नको म्हटलं तर ती पानं फाडून टाकेन. पुढाऱ्यांच्या घरी वाचून दाखवणार नाही. त्यांनी मंडपात येऊन सगळ्यांबरोबर बसून ऐकावं.

उंदीर ठेवला आहे. वाक्यही तेच ठेवलं आहे.